वाचणाऱ्याचा वाटा : पुस्तकांविषयीच्या पुस्तकांबद्दल



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, मूळ पुस्तकंच वाचून होत नाहीत, कपाटात नुसती पडून आहेत. आणि तुम्ही पुस्तकांविषयीची पुस्तकं वाचायला सांगता. हे म्हणजे पानावर बसायचं सोडून दुसरा कसा जेवला याची हकीकत ऐकण्यासारखं नाही का?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर लक्षात आले की प्रश्न चोख होता आणि आपल्यापाशी उत्तर नव्हते. आजचा विषय तिथून निघाला.

विषय सोपा आहे असे वरवर वाटते. पुस्तके, ग्रंथालये, दुकाने, वाचणारी माणसे यांविषयी लिहिलेली पुस्तके. इंग्रजीत यांचा आता वेगळा कप्पाच झाला आहे. मराठीतही ती आहेत. गोविंद तळवलकरांच्या 'वाचता वाचता'वर आमच्या पिढीतल्या अनेकांचे वाचन पोसले. सतीश काळसेकरांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलीकडे नितीन रिंढे यांनी 'लीळा पुस्तकांच्या'मध्ये याच जातीच्या पुस्तकांची ओळख करून दिली. म्हणजे वाचणारे आहेत, आणि आम्ही त्यांतले जुने गिऱ्हाईक आहोत. पण आवड असणे वेगळे आणि ती आवड कशाची आहे हे सांगता येणे वेगळे.

आधी एक कबुली देतो. या जातीची निम्मी पुस्तके आम्हाला सहन होत नाहीत. जुन्या कागदाचा वास, कोऱ्या पानांची करकर, पावसाळी संध्याकाळ, चहा, आणि 'पुस्तक हाच माझा खरा मित्र'. पुस्तक किती थोर, ग्रंथालय म्हणजे कसे मंदिर, आणि ओघानेच वाचणारे आपण किती चांगले लोक! ही स्तोत्रे आहेत. स्तोत्राला आमची हरकत नाही, पण स्तोत्रात देवाने काही केल्याची बातमी नसते, नुसती विशेषणे असतात. अशा पुस्तकात पुस्तकाऐवजी लोणच्याची बरणी घातली तरी वाक्ये बदलावी लागत नाहीत. (हशा.) हसू नका, करून बघा. वास, आठवण, आजी, पावसाळा, सगळं जुळतं.

तेव्हा प्रश्न असा, की उरलेल्या निम्म्यांत काय असते?

उष्टेपणाचा आरोप आधी बाजूला करू. मूळ पुस्तक सोडून त्याविषयीचे पुस्तक वाचणे कमी प्रतीचे, ही समजूत आपल्या परंपरेला तरी शोभत नाही. ज्ञानेश्वरी काय आहे? ते एका पुस्तकावरचे पुस्तक आहे. गीतेचे श्लोक सातशे आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. मधला हिशेब कसा लावायचा? एका श्लोकामागे बारा-तेरा ओव्या पडतात. त्या संस्कृत श्लोकात आधीपासून दडून बसल्या होत्या असे कोणी म्हणेल का? आणि त्या गीतेशी संबंध नसलेल्या, बाहेरून आणून चिकटवलेल्या आहेत असे तरी म्हणता येईल का? दोन्ही म्हणता येत नाही. हा जो मधला भाग आहे, पुस्तकात नव्हता पण पुस्तकावाचूनही झाला नसता असा, त्याला आम्ही वाचणाऱ्याचा वाटा म्हणू. पुढचे सगळे बोलणे या वाट्याबद्दल आहे.

आमच्या विषयातल्या माणसांनी वाचनाला फार चांगले म्हटलेले नाही. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिसची तक्रार अशी की लिहिलेला शब्द चित्रासारखा असतो. जिवंत दिसतो, पण प्रश्न विचारलात तर गप्प राहतो, किंवा तेच तेच पुन्हा सांगतो. शोपेनहाउअर तर आणखी तिखट. 1851 साली आलेल्या त्याच्या निबंधसंग्रहात वाचनावर एक छोटे प्रकरण आहे. त्याचे म्हणणे, वाचताना आपल्यासाठी दुसरा विचार करत असतो. शाळेतले पोर मास्तरांनी पेन्सिलीने काढून दिलेल्या अक्षरांवरून हात फिरवते, तसे आपण त्याच्या विचारावरून फिरत राहतो. मराठीत याला नेमका शब्द आहे, गिरवणे. दिवसभर वाचत राहणारा माणूस दिवसभर गिरवत असतो, आणि हळूहळू त्याची स्वतःच्या हाताने लिहिण्याची सवय मोडते.

आम्ही चाळीसएक वर्षे वर्गात हे शिकवले आणि दर वर्षी मुले हे ऐकून खूश होत, कारण न वाचण्याला एवढे भारदस्त समर्थन दुसरीकडे मिळत नाही. पण शोपेनहाउअर बरोबर आहे का? गिरवणाऱ्याचा हात खरोखर रेषेवरूनच जातो का? हे तपासायचे तर मूळ पुस्तक उघडून उपयोग नाही. तिथे फक्त मास्तरांची रेषा आहे. गिरवणाऱ्याची पाटी बघायला हवी. आणि ती पाटी फक्त वाचणाऱ्यांविषयीच्या पुस्तकांत बघायला मिळते. आमच्या तरुण मित्राला आता आमचे उत्तर असे, की बाबा, दुसऱ्याने काय खाल्ले याची ती हकीकत नाही, त्याच्या अंगी काय लागले याची आहे.

आता पुस्तकांकडे वळू.

आल्बेर्तो मांगेल यांचे 'वाचनाचा इतिहास' हे पुस्तक 1996 चे. या जातीचे सर्वांत गाजलेले पुस्तक तेच. मांगेल ब्वेनोस आइरेसचे. सोळाव्या वर्षी ते तिथल्या एका पुस्तकाच्या दुकानात काम करत होते. दुकानात बोर्हेस यायचे. दृष्टी गेलेली. त्यांनी या पोराला विचारले, संध्याकाळी घरी येऊन वाचून दाखवशील का? 1964 ते 1968 अशी सुमारे चार वर्षे मांगेल आठवड्यातून काही संध्याकाळी त्यांना वाचून दाखवत होते. म्हणजे बघा, डोळे एकाचे आणि वाचन दुसऱ्याचे. पोराचा आवाज चालू आहे, मध्येच बोर्हेस थांबवतात, हसतात, काही जोडतात, आणि पोराला कळते की आपण जे पान वाचतोय ते या माणसाच्या डोक्यात भलत्याच ठिकाणी जाऊन बसले आहे. मांगेल यांनी पुढे जे काही लिहिले त्याची मुळे या चार वर्षांत असावीत असे आम्हाला वाटते.

त्यांच्या पुस्तकातले एक प्रकरण मनात वाचणाऱ्यांविषयी आहे. प्रसंग संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनातला. ऑगस्टीन 384 मध्ये मिलानला आला. तिथले बिशप अँब्रोज यांना भेटायला तो जाई. दार कोणालाही बंद नसे. आत गेले की अँब्रोज वाचत बसलेले दिसत. डोळे पानावरून फिरताहेत, ओठ मात्र हलत नाहीत. ऑगस्टीन आणि इतर माणसे बराच वेळ गप्प बसत आणि उठून जात. ऑगस्टीन तर्क करतो. आवाज बसू नये म्हणून ते असे वाचत असतील. किंवा मोठ्याने वाचले तर ऐकणारा एखादा अवघड जागी अडवून अर्थ विचारील आणि वेळ जाईल, म्हणून असेल.

या प्रसंगावरून पुष्कळांनी असे ठरवून टाकले की प्राचीन काळी सगळे मोठ्याने वाचत, आणि मनात वाचणे ही अजब गोष्ट होती. मांगेलही बरेचसे त्याच वाटेने जातात. इथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. बर्नार्ड नॉक्स या अभ्यासकाने 1968 मध्येच ग्रीक नाटकांतली उदाहरणे देऊन या समजुतीला धक्का दिला होता. युरिपिडीसच्या 'हिप्पोलिटस'मध्ये थीसियस पत्नीचे पत्र रंगमंचावर मनात वाचतो. प्रेक्षकांना ते चालते, कोणी दचकत नाही. मनात वाचणे लोकांना माहीत होते. मग ऑगस्टीन अस्वस्थ कशाने झाला? आमची समजूत अशी, की कला नवी होती म्हणून नव्हे. समोरचा माणूस वाचतो आहे आणि त्याच्या आत काय चालले आहे ते आपल्याला कळत नाही, म्हणून. तो अँब्रोजना प्रश्न विचारायला आला होता. गुरू समोर बसलेला आहे आणि दार उघडे असूनही बंद आहे. मांगेल यांनी प्रसंग शोधून आणला, ठेवलाही सुंदर, पण त्यातली सल त्यांच्या हातून निसटली आणि वाचनाच्या इतिहासातला एक मैलाचा दगड तेवढा उरला. त्यांच्या लेखनाचा दोष असेल तर हाच. गोष्टी फार, थांबणे कमी. प्रदर्शनातून फिरल्यासारखे होते. बघता बघता संध्याकाळ होते आणि पाय दुखतात.

तरी त्याच पुस्तकातल्या एका दालनात आम्ही बराच वेळ उभे राहिलो. क्यूबातल्या सिगार कारखान्यांचे दालन. दिवसभर तंबाखूची पाने वळायची, हात गुंतलेले, डोके मोकळे. तेव्हा कामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून एक वाचणारा नेमायला सुरुवात केली. वर्तमानपत्रे, इतिहास, कादंबऱ्या. 1866 मध्ये सरकारने बंदी घातली, कारण उघड आहे. पुढे ही चाल कामगारांबरोबर फ्लोरिडात गेली. द्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'वरून सिगारच्या एका प्रकाराला नाव मिळाले ते या वाचनातूनच. आता आपल्याकडे श्रावणात पोथी लावत. वाचणारा एक, ऐकणाऱ्या पंधरा-वीस बायाबापड्या, अक्षरओळख नसलेल्या. त्या वाचक नव्हत्या असे म्हणण्याचे आमचे धाडस नाही. ओठ मिटून वाचणारे अँब्रोज वाचक, आणि वाती वळता वळता ऐकून घरी जाऊन सुनेला 'पांडवप्रताप'मधला प्रसंग आपल्या पदराची भर घालून सांगणारी म्हातारी वाचक नाही, असे कसे?

आता एक छोटे पुस्तक. पुष्कळांच्या लाडक्या पुस्तकावर थोडे वेडेवाकडे बोलणार आहोत. '84, चेरिंग क्रॉस रोड'. लेखिका हेलीन हॅन्फ, पुस्तक 1970 चे. न्यूयॉर्कमध्ये राहणारी, पैशाने ओढगस्तीची, नाटके आणि टीव्हीसाठी लिहिणारी बाई लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला 1949 च्या ऑक्टोबरमध्ये पत्र लिहिते. उत्तर देतो फ्रँक डोएल. वीस वर्षे पत्रे चालतात. युद्ध संपले तरी इंग्लंडात रेशन आहे. बाई दुकानातल्या लोकांना अंडी आणि मांसाचे डबे पाठवते. लंडनला येईन येईन म्हणते, काही ना काही निघते, दातांचा खर्च, घराचा खर्च. 1968 च्या डिसेंबरात डोएल वारतो. भेट होतच नाही. बाई लंडनला पोचते 1971 मध्ये, तेव्हा दुकान बंद झालेले असते.

हे पुस्तक लोक रडण्यासाठी वाचतात. वाचोत बापडे, शेवटी आमचेही डोळे ओले झाले. पण लोक या बाईला जशी हळवी पुस्तकप्रेमी समजतात तशी ती मुळीच नव्हती. न वाचलेले पुस्तक विकत घेणे तिला मान्य नव्हते. अंगाला लावून न बघता कपडा घेण्यासारखे ते तिला वाटे. आधी ग्रंथालयातून आणून वाचायचे, ते आपले आहे असे ठरले तरच घ्यायचे. आणि दर वर्षी साफसफाईच्या वेळी, पुन्हा वाचणार नाही अशी पुस्तके ती काढून टाकी. मित्रमंडळींना धक्का बसे. तिचे म्हणणे, लोक गाजलेली पुस्तके भराभर वाचतात, पुन्हा कधी उघडत नाहीत, वर्षाने त्यातला शब्द आठवत नाही, पण टाकायचे म्हटले की जीव जातो. वाईट, किंवा मध्यम पुस्तकाइतके कमी पवित्र दुसरे काही नाही, असा तिचा रोख.

तिला जुनी पुस्तके आवडत ती वासासाठी नव्हे. आधीच्या मालकाने जे पान पुन्हा पुन्हा उघडले तिथेच ते पुस्तक आपसूक उघडते, आणि समासात कोणी काही लिहून ठेवलेले असते, याचा तिला आनंद. म्हणजे पुन्हा तेच. तिला दुसऱ्याचा वाटा बघायचा आहे. मागे कोणीतरी अनोळखी माणूस इथेच थांबला होता, ही खूण तिला हवी आहे. एकटीने राहणाऱ्या बाईला ही सोबत किती मोलाची असेल ते आपण समजू शकतो. वाचन एकट्याने करायचे काम आहे. थेट कोणाला विचारता येत नाही, 'तुम्हालाही इथे असंच झालं का?' पुस्तकांविषयीच्या पुस्तकाचे पहिले सुख हे, की तो प्रश्न न विचारता उत्तर मिळते.

पण सोबत हे पहिले सुख झाले, आणि फक्त तेवढेच असते तर आम्ही हे व्याख्यान दिले नसते. सोबतीत धोका असतो. सारखी आवड असलेली माणसे जमली की एकमेकांच्या पाठीवर थाप मारू लागतात आणि स्तोत्र सुरू होते. दुसरे सुख कडवट आहे, आणि त्यासाठी आम्ही तुम्हाला एका गिरणीवाल्याकडे नेणार आहोत.

कार्लो गिन्झबुर्ग हे इटलीचे इतिहासकार. 1976 मध्ये त्यांनी 'चीज आणि किडे' अशा विचित्र नावाचे पुस्तक लिहिले. 1980 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रियुली नावाचा प्रांत आहे. तिथल्या मोंतेरेआले गावात 1532 मध्ये दोमेनिको स्कांदेला जन्मला. लोक त्याला मेनोक्कियो म्हणत. पाणचक्कीवर धान्य दळून देणारा माणूस, पोराबाळांचा धनी. याला वाचता येत होते. आणि वाचलेले पोटात ठेवता येत नव्हते. गिऱ्हाईक आले की दळण होईपर्यंत देव, देवदूत, पोप, सगळ्यांवर याचे बोलणे. गावातल्याच कोणीतरी चुगली केली आणि 1584 मध्ये धर्मन्यायालयाने त्याला धरले.

त्याने वाचलेल्या पुस्तकांची नावे सुनावणीत आली आहेत. दहा-अकरा पुस्तके. लोकभाषेतले बायबल, बायबलवरचे एक लोकप्रिय कथापुस्तक, संतचरित्रे, मॅन्डेव्हिलची प्रवासवर्णने, बोकाच्चोचे 'डेकॅमेरॉन'. कुराणही त्याने पाहिले असावे असा अंदाज आहे. यांतली निम्म्याहून अधिक मागून आणलेली. मॅन्डेव्हिल तर एका पाद्र्याकडूनच आणले होते. सोळाव्या शतकातल्या त्या डोंगराळ भागात पुस्तके अशी हातोहात फिरत होती, ही बातमीच आपल्याला सुखावणारी आहे. पण गिन्झबुर्ग तिथे थांबत नाहीत. ते एक साधे, चिकाटीचे काम करतात. मेनोक्कियोने न्यायाधीशांसमोर काय सांगितले ते एका बाजूला ठेवतात, आणि त्या पुस्तकात प्रत्यक्षात काय आहे ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही कधीच जुळत नाहीत.

एक उदाहरण बघा. संतचरित्रांत मेरीच्या अंत्ययात्रेची कथा आहे. एक यहुदी धर्मगुरू तिरडी पाडायला जातो, त्याचे हात तिरडीला चिकटून बसतात. मग तो शरण येतो, श्रद्धा ठेवतो, बरा होतो. कथेचा सगळा रोख चमत्कारावर आणि मेरीच्या थोरवीवर. मेनोक्कियोच्या डोक्यात काय राहिले? मेरीच्या प्रेताचा अपमान झाला, म्हणजे लोक तिला तेवढे मानत नव्हते. हात चिकटल्याचे त्याला आठवते, पुढची क्षमा आणि श्रद्धा गायब. दुसरे उदाहरण. अंतिम निवाड्यावरच्या एका पद्यात ख्रिस्त सांगतो की तुम्ही गरिबाला दिले ते मलाच दिले. मेनोक्कियोने त्यावरून काढले असे, की देवावर प्रेम करण्यापेक्षा शेजाऱ्यावर प्रेम करणे मोठे. पद्यात असे म्हटलेले नाही. पण पद्यावाचून त्याला हे सुचलेही नसते.

आणि मग त्याची सृष्टीची कल्पना. आधी सगळे एकात एक कालवलेले होते, माती, वारा, पाणी, आग. त्याचा एक गोळा झाला, दुधाचे चीज होते तसा, आणि चीजमध्ये किडे पडतात तसे त्यात किडे झाले. ते देवदूत, आणि त्यांच्यात देवही. पुस्तकातली आदिम सृष्टी आणि रोजचे दूधदुभते या माणसाने एकत्र घुसळून हे काढले. बिशप ऐकून काय म्हणाले असतील! मुद्दा असा, की शोपेनहाउअरच्या उपमेतले पोर इथे पाटीवर मास्तरांच्या अक्षराशेजारी भलतेच काहीतरी काढते आहे, आणि विचारले तर सांगते आहे की मास्तरांनीच असे काढून दिले होते.

गिन्झबुर्ग म्हणतात, पुस्तक आणि मेनोक्कियो यांच्यामध्ये एक चाळणी होती. शेतकऱ्यांच्या फार जुन्या, तोंडी चालत आलेल्या संस्कृतीची चाळणी. यावर काही इतिहासकारांचा आक्षेप आहे. एका माणसाच्या बोलण्यावरून हजारो वर्षांची लोकसंस्कृती उभी करता येते का? आम्हालाही तो भाग ताणलेला वाटतो. ती चाळणी कुठल्याच दफ्तरात सापडत नाही. मेनोक्कियोचे गावकरी तेच दूध पीत, तेच चीज खात, त्यांना असे काही सुचले नव्हते. तरीही पुस्तक आमच्या मते या सबंध जातीत पहिल्या नंबरचे आहे, कारण वाचणाऱ्याचा वाटा इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी मोजून दाखवलेला नाही.

त्यात जी गोष्ट आम्हाला अजून झोपू देत नाही ती वेगळीच आहे. हे सगळे आपल्याला कळले कसे? मेनोक्कियोने रोजनिशी ठेवली नव्हती. उदिनेच्या धर्मपीठाच्या दफ्तरात सुनावणीचे कागद राहिले म्हणून कळले. न्यायालयाचा लेखनिक शब्द न शब्द उतरवून घेत होता. आयुष्यभर या माणसाला असा श्रोता हवा होता जो त्याला विचारील, 'हे कुठे वाचलंस? त्यात नेमकं काय म्हटलंय? तू त्याचा अर्थ काय घेतलास?' ते प्रश्न त्याला शेवटी विचारले गेले, आणि विचारणारे त्याचे वैरी होते. तो सांगत सुटला. गप्प बस, सुटशील, असे हितचिंतकांनी बजावले होते. त्याला राहवले नाही. सुमारे दोन वर्षे कैद भोगून सुटला, गाव सोडायचे नाही आणि प्रायश्चित्ताचा अंगरखा घालायचा या अटींवर. 1599 मध्ये पुन्हा धरला गेला. तेव्हा म्हातारा झाला होता, घरची माणसे गेली होती. त्या दुसऱ्या सुनावणीत त्याने न्यायाधीशाला बोकाच्चोची तीन अंगठ्यांची गोष्ट सांगितली. बापाने तीन मुलांना एकसारख्या तीन अंगठ्या दिल्या, खरी कोणती ते कोणालाच कळेना. तसे हे धर्म. आपला जीव ज्याच्या हातात आहे त्याला हा माणूस आवडलेली गोष्ट सांगतो आहे! त्याला मृत्युदंड झाला.

वाचन निरुपद्रवी आहे, मुलांना वाचायला लावा म्हणजे ती सुस्वभावी होतील, असे जेव्हा जेव्हा समारंभातून सांगितले जाते तेव्हा आम्हाला हा दळणवाला आठवतो. स्तोत्रांत त्याला जागा नसते.

आपल्याकडे असा धर्मन्यायालयाचा लेखनिक नव्हता, त्यामुळे आपले मेनोक्कियो बहुतेक हरवले. पण एक पुस्तक आहे जे कोणी या कप्प्यात ठेवत नाही आणि ठेवायला हवे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', 1910 चे. लोक ते न्यायमूर्तींच्या आठवणी म्हणून वाचतात. तुम्ही ते एकदा वाचायला शिकणाऱ्या मुलीची हकीकत म्हणून वाचून बघा. 1873 मध्ये अकराएक वर्षांची मुलगी लग्न होऊन येते. नवरा तिला शिकवू लागतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपत नाही. नवऱ्याची आज्ञा एकीकडे आणि दिवसभर ज्यांच्यात वावरायचे त्या बायकांचा राग दुसरीकडे. तिच्या हातातले पुस्तक घरात सगळ्यांना दिसते. अँब्रोजना वाचताना बघून माणसे आदराने गप्प उठून जात. इथे बघणाऱ्यांच्या नजरेत आदर नव्हता. तेच पान, तेच डोळे, पण कोण वाचतो आहे आणि कोण बघतो आहे यावर वाचनाची किंमत ठरते. ती किंमत मोजून मिळवलेल्या अक्षरांनीच रमाबाईंनी हे पुस्तक लिहिले.

काळसेकरांची रोजनिशी या तुलनेत शांत आहे. पुस्तकांबरोबर तिच्यात पुस्तकांभोवतीची माणसे येतात, छोटी नियतकालिके येतात, आणि लेखक स्वतः पुढे येत नाही. तिची चव हळूहळू लागते. घाईने वाचू नका, एवढेच सांगतो.

आता शेवटचा भाग, जो आमच्या गळ्याशी आलेला आहे. घर लहान करायचे ठरले. तीन हजारांच्या आसपास पुस्तके. एका ग्रंथालयाला विचारले. तिथल्या गृहस्थांनी फार नम्रपणे सांगितले, "सर, जागा नाही. आणि ज्या पुस्तकांत रेघा मारल्यात, समासात लिहिलंय, ती तर आम्हाला घेताच येत नाहीत." त्यांचा नियम चुकीचा नव्हता. पण आम्ही घरी येऊन पाहिले, तर रेघा नाहीत अशी पुस्तके फार थोडी निघाली, आणि ती निघाली न वाचलेली. म्हणजे ग्रंथालयाला चालणार होता तो फक्त मास्तरांचा भाग. आमचा वाटा रद्दीत.

राग आला हे लपवत नाही. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. मग एक गोष्ट आठवली. 1917 मध्ये बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परत आले तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने यायचे होते; ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि त्यांची पुस्तके समुद्रात गेली. विद्यार्थिदशेत पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके. पुढे त्यांनी पुन्हा जमवली, एवढी की दादरला राजगृह बांधताना पुस्तकांचा विचार करूनच घर बांधावे लागले. पण मधल्या काळात, पुस्तके तळाशी गेलेली असताना, त्यांचे वाचलेले कुठे होते? बोटीत तर नव्हते. आमची पुस्तके त्यांच्या पुस्तकांपुढे काहीच नाहीत आणि आमचे नुकसानही काही नाही, हे कळते. तरी हिशेब तोच आहे.

परवा बांधाबांध करताना शोपेनहाउअरचा तोच खंड हाती आला, आमच्या विद्यार्थिदशेतला. वाचनावरचे प्रकरण उघडले. गिरवण्याच्या उपमेशेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, एकच शब्द लिहिलेला होता : 'नाही.' पुढे कारण दिलेले नाही. तेव्हा काय मनात होते ते आठवत नाही. वर्गात आम्ही ती उपमा मान्य करून शिकवत आलो, आणि विशी-बाविशीतल्या त्या पोराने ती तेव्हाच नाकारली होती. त्याला काय म्हणायचे होते ते शोधता शोधता आजचे हे व्याख्यान तयार झाले. तो खंड आम्ही रद्दीत दिलेला नाही. बाकीच्यांपैकी चारशे-पाचशे पुस्तके अजून घरी आहेत. ज्यांना रेघांची, समासातल्या खाडाखोडीची अडचण वाटत नाही त्यांनी येऊन न्यावीत. पत्ता संयोजकांकडे आहे.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या वेळचा तो तरुण मित्र आज आला आहे का?